यादीतली सगळ्यात खालची ओळ

आबांनी मुलीच्या लग्नाला दोन गाड्या केल्या होत्या. माणसं जास्त होती म्हणून नव्हे. एक वाटेत बंद पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. तेवढ्यावर थांबले तर ते आबा कसले? सगळं एकाच गाडीत नको, असं म्हणून त्यांनी नवरी एका गाडीत बसवली आणि नवरीची पांढरी साडी दुसऱ्या गाडीत ठेवली. नवरी बारामतीहून इंदापूरच्या कार्यालयात वेळेवर पोचली. साडीची गाडी सणसरच्या पुढे पंक्चर झाली. पुढचा दीड तास बायकामंडळी आबांना जे काही बोलली ते लिहिण्यासारखं नाही. आबांनी सगळं निमूटपणे ऐकून घेतलं, शर्टाच्या खिशातून डायरी काढली आणि तीत लिहिलं, ‘नवरी आणि साडी एकाच गाडीत.’ ही नोंद मी स्वतः वाचली आहे. तिच्या वरच्या ओळीत लोणी देवकरच्या सर्व्हरची हार्ड डिस्क बदलल्याची नोंद होती.

या माणसाशेजारी मी चार वर्षं बसलो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक लहानशी कंपनी होती. पॉलिहाऊस, नर्सरी, पॅकहाऊस, शीतगृह अशा ठिकाणी पाणी आणि पंखे आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा आम्ही बसवायचो. प्रत्येक ठिकाणी एका लोखंडी कपाटात एक छोटा सर्व्हर असायचा. तो तिथली उष्णता मोजायचा, मोटार चालू करायचा, बंद करायचा, आणि काय काय केलं ते आम्हाला बारामतीत कळवायचा. असे अकरा सर्व्हर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पसरले होते आणि ते सांभाळायला आम्ही दोघं. आबा अठ्ठावन्न वर्षांचे, मी सव्वीसचा. आत काचेच्या खोलीत आमचे साहेब.

आबा मूळचे टेलिफोन खात्यातले. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात बसवेना म्हणून ते संगणक शिकले, आणि तेही गावच्या विहारातल्या अभ्यासिकेला कुणीतरी दिलेले दोन जुने कॉम्प्युटर दुरुस्त करता करता. ते दोन कॉम्प्युटर अजूनही चालू होते आणि दर रविवारी आबा त्यांची धूळ पुसायला जायचे. प्रमाणपत्र वगैरे काही नव्हतं. मी पुण्यात शिकून आलेलो, माझ्याकडे तीन होती. पहिल्या आठवड्यात मी ती त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही वाचली, नीट घडी घालून परत दिली आणि विचारलं, “ह्यांच्या झेरॉक्स घरी ठेवल्यात का?”

एसटीच्या फाट्यावर ते गाडीच्या अर्धा तास आधी जायचे आणि ही गाडी आली नाही तर दुसरी कुठून, कितीला, हे कंडक्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असायचं. कुणाच्या घरी गेले की आत बसण्याआधी चपला दाराकडे तोंड करून ठेवायचे. “कुठं बी जायच्या आधी परत कसं यायचं ते बघून ठेवावं,” असं म्हणायचे. मला सुरुवातीला याची फार गंमत वाटायची. नंतर वैताग यायला लागला. कारण सर्व्हरचं काम ते याच चालीने करायचे.

कुठल्याही मशीनवर काही बदल करायचा असला की आबा आधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचे. मग जी कमांड द्यायची ती कागदावर लिहायचे आणि कागद माझ्यापुढे धरायचे.

“वाच.”

मी मनात वाचून मान हलवायचो.

“मोठ्यांदा वाच. एकेक अक्षर.”

ट्रंक कॉलच्या काळात नंबर असाच परत वाचून घ्यायचे म्हणे. माझं वाचून झालं की ते दोन्ही हात वर करून जाहीर करायचे, “मी आता लोणी देवकरला हात लावतोय!” ऐकणारा मी एकटा. तरी जाहीर करायचे. काचेच्या खोलीतून साहेब ओरडायचे, “लावा हो एकदाचा!”

आणि कर्नलचं अपग्रेड म्हणजे तर त्यांना घरचं कार्यच वाटायचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मशीन चालू झालं की आधी तो उठतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. नवा कर्नल घातला की मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं; आणि ते मशीन तुमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर असलं की त्याचं बंद होणं नक्की असतं, चालू होणं नक्की नसतं. मधली दोन-तीन मिनिटं आपल्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. त्या वेळात मी मोबाइल बघायचो. आबा खुर्चीतून उठून उभे राहायचे. मशीन परत आलं की बसायचे.

त्यांचे नियम ठरलेले होते. दिवसाला एकच मशीन. आधी टेबलावरचं, जे फक्त प्रयोगाला ठेवलेलं होतं. त्यानंतर बारामतीतलं, जिथे चालत जाता येतं. लांबची सगळ्यात शेवटी. जुना कर्नल पुसायचा नाही. मशीन चालू होताना पाच सेकंद एक यादी दाखवतं, त्या यादीत नव्याच्या खाली जुनाही राहू द्यायचा, म्हणजे नवा उठला नाही तर तिथून जुना निवडता येतो. “नव्या विहिरीला पाणी लागलं म्हणून जुनी कुणी लगेच बुजवतं का? एक उन्हाळा तरी जाऊ द्यावा,” हे मी किती वेळा ऐकलं असेल! शिवाय प्रत्येक कपाटात एक कीबोर्ड आणि एक छोटा जुना स्क्रीन ठेवलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. साहेब म्हणायचे, “अहो आबा, आपण सगळं इथूनच तर बघतो.” आबा म्हणायचे, “आपल्याला दिसतंय तवर न्हायच लागत. दिसायचं थांबलं की लागतो.”

हात लावण्याआधी ज्या गावचं मशीन त्या गावच्या माणसाला फोन. जेवण झालं का, कुठं बाहेर जायचं नाही ना, गावात लग्न-बिग्न नाही ना, लाईट कधी जाते. बाजाराच्या दिवशी अपग्रेड नाही. ही माणसं त्यांनी डायरीत लिहून ठेवली होती. ‘सणसर: वॉचमन. डाव्या कानाने कमी ऐकू येते. फोन उजव्या कानाला लावण्यास सांगणे.’ ‘लोणी देवकर: सुपरवायझर. सांगितल्यापेक्षा जास्त करतो. सांभाळून.’ ‘निरवांगी: ताई. इंग्रजी वाचता येत नाही. सांगितलं तेवढंच करतात.’ आबांच्या डायरीत याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली मी पाहिली नाही. माझं पान होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही.

अकरा मशीनना अकरा दिवस, आणि बाजार, लग्नं, लाईट धरून तीन आठवडे. मी हिशोब करून साहेबांना दाखवला होता की हे सगळं एका दुपारी होऊ शकतं. साहेब म्हणाले, “होत असेल. पण आबांना विचार.” आबांना कशाला विचारतोय मी?

निरवांगीच्या त्या ताईंची ढोबळी मिरचीच्या रोपांची नर्सरी होती. नवऱ्याने ऊस बघायचा आणि ताईंनी नर्सरी, अशी घरात वाटणी झालेली. पहिलंच वर्ष. सासऱ्यांचा विश्वास नव्हता. नर्सरी चालली नाही तर त्या शेडमध्ये कोंबड्या पाळायच्या, असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही होते. नर्सरीच्या धंद्यात सगळं त्या एका दिवसावर असतं. शेतकरी रोपं सांगून जातो, ठरलेल्या दिवसासाठी रान तयार करतो, गादीवाफे ओढतो, त्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरतो, मजूर सांगतो, आणि टेम्पो घेऊन येतो. त्या दिवशी रोप मिळालं नाही तर तो भांडत नाही. दुसरीकडे जातो आणि परत फिरकत नाही. सणसरचे एक बागायतदार गुरुवारी रोपं उचलायला येणार होते. ताईंचं ते पहिलं मोठं काम होतं. ते नीट गेलं तर नर्सरीचं नाव होणार, नाहीतर कोंबड्या.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, आबांच्या नातवाचं इंदापूरला बारसं होतं. कर्नलमध्ये काहीतरी धोक्याची खोट सापडल्याची सूचना आली होती आणि नवा घालणं भाग होतं. पण घाई नव्हती. साहेब म्हणाले होते, आबा आल्यावर बघू. आबांनी जाताना माझ्या टेबलावर कागद ठेवला होता, ‘मी येईपर्यंत फक्त टेबलावरचं.’ म्हणजे पुढे जे झालं त्यात मला कुणी ढकललं नव्हतं. मला दाखवून द्यायचं होतं, बाकी काही नाही.

टेबलावरचं मशीन अपग्रेड करून उठवलं. चहा घेतला. मग अकराही मशीनना एकदम कमांड सोडली. काहींनी उत्तर दिलं की, नवा कर्नल ठेवायला जागा नाही. मी जागा केली. एका ओळीत सगळ्या मशीनवरचे जुने कर्नल पुसून टाकले. नवा बसला. सकाळी अकराला मी सगळ्यांना सांगितलं, बंद होऊन चालू व्हा.

सात आली. चार आली नाहीत. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. ती चार जुन्या बनावटीची होती आणि नव्या कर्नलला त्यांची डिस्कच ओळखता येत नव्हती, हे नंतर कळलं. चारांतली तीन मशीनं ज्या पॅकहाऊसमध्ये होती ती त्या दिवसांत रिकामी पडलेली होती. चौथं निरवांगीचं.

एप्रिलमध्ये शेडच्या आत दुपारी काय होतं ते मी तोवर फक्त आकड्यांत पाहिलं होतं. वर लावलेल्या फॉगरमधून दर दहा मिनिटांनी बारीक तुषार सुटतात, हवा थंड होते, म्हणून ते कोवळं रोप उभं राहतं. फॉगर तासभर बंद राहिला की रोप मान टाकतं. साडेअकराला ताईंचा फोन आला.

“दादा, फॉगर तुमी बंद केलाय का आपसूक झालाय?”

“बघतो, ताई. होईल पाच मिनिटांत.”

हे मी खोटं बोललो. माझ्याजवळ करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी अर्धा तास मी त्या मशीनला हाका मारत बसलो. मग आबांना फोन लावला. मागे बायका पाळणा म्हणत होत्या. मी भराभर सगळं सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“काय काय पुसलंस?”

“जुने सगळे.”

“बरं. आता तितं काय चालू हाय?”

“काहीच नाही, आबा.”

“तसं कसं? लाईट हाय ना? मोटार हाय, पाणी हाय, ताई हायत. ताईंना फोनवर घे.”

मी तिघांचा फोन जोडला. आबांनी मशीनचं नावसुद्धा काढलं नाही.

“ताई, मोटारीच्या स्टार्टरवर हिरवं बटण हाय, ते दाबा. आता शेडच्या कोपऱ्यात पाइपावर काळा व्हॉल्व्ह हाय, त्याच्या डोक्यावर स्क्रू हाय. अर्धा फेरा डावीकडं.”

“सुटलं, आबा! पानी सुटलं.”

“तीस आकडे मोजा आन् बंद करा.”

“हळू मोजू का बिगीबिगी?”

“शाळंत कवायतीला मोजत हुता, तसं. जास्त न्हाय सोडायचं, जास्त पाण्यानं बी रोप जातं. मोटार बंद करा. दहा मिनिटांनी परत. जमंल?”

“जमंल की. पर पश्चिमेकडच्या वळीनं माना टाकल्यात, आबा. गुरुवारी मानूस येणार हाय माझ्याकडं.”

“म्हाइत हाय मला. त्या वळीत आधी सोडा.”

हे इतकं सोपं होतं. सगळ्या यंत्रणेला हाताने चालवायची सोय असते हे मला ठाऊक होतं, मीच त्याचे नकाशे काढले होते. पण माझं सगळं लक्ष मशीन उठवण्यात. रोपं जगवायची आहेत, मशीन नाही, हे डोक्यातच आलं नाही.

आता मशीन. मी म्हणालो, ताईंना बंद करून चालू करायला सांगू आणि यादीत काय दिसतं ते विचारू.

“थांब,” आबा म्हणाले. “आपल्या हापिसातल्या कपाटात वरच्या फळीवर निरवांगीच्याच जातीचं जुनं मशीन हाय. ते काढ. सकाळी जे केलंस तेच त्याच्यावर कर. नवा घाल, जुना पूस, बंद करून चालू कर.”

“आबा, तिथे रोपं जातायत!”

“रोपांचं ताई बघतायत. तू तुझं बघ. ताईंना सांगायच्या आधी तू करून बघ.”

अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात फोनवर दर दहा मिनिटांनी ताईंचं एक ते तीस ऐकू येत होतं. कपाटातलं मशीन निरवांगीसारखंच पडलं. ते पडल्यावर आबांना पहिल्यांदा बरं वाटल्याचं त्यांच्या आवाजावरून कळलं; आता उपाय आधी इथेच करून बघता येणार होता. परत चालू करून मी यादी वाचली. वर नवा कर्नल. आणि सगळ्यात खाली आणखी एक ओळ. मशीन पहिल्यांदा बसवताना सिस्टिम स्वतःच एक संकटकाळचा कर्नल बाजूला काढून ठेवते, त्याची ती ओळ. मी पुसताना तो सुटला होता, कारण तो तिथे असतो हे मला ठाऊकच नव्हतं. ती ओळ निवडली आणि मशीन उठलं. मोटार चालवणारा प्रोग्राम सुरू झाला. फक्त नेटवर्क लागलं नाही.

“लिहून ठेव,” आबा म्हणाले. “नेटवर्क लागणार न्हाय. म्हंजे मागनं घाबरायला नको. ताई, आता तुमचं काम.”

ताईंनी फोन स्पीकरवर टाकून कपाटात ठेवला. आबांनी आधी बटणं ओळखायला लावली. उजव्या हाताला एंटरचं मोठं बटण, त्याच्या खाली चार बाण, त्यांतला मधला खालचा. ताई म्हणाल्या, सगळी बटणं सारखीच दिसतात, गडबडीत चुकायचं. मग त्यांनी कपाळावरची टिकली काढून त्या बटणावर लावली. आबा म्हणाले, “झ्याक!”

“आता भिंतीवरनं वायर काढा. बारका हिरवा दिवा गेला का?”

“न्हाय, जळतोय की.”

“इन्व्हर्टरवर हाय ते. मशीनच्या मागं वायर घुसलीया, ती उपटा.”

“गेला.”

“धा मोजा. आता घाला. पडद्यावर चौकट आली की टिकली दाबायची. दाबतच ऱ्हायचं. उजळ पट्टी तळाला टेकली की मोठं बटण.”

पहिल्या वेळी चौकट आली आणि ताई बघत राहिल्या. पाच सेकंद म्हणजे किती असतात! परत पडलं. ताईंचा आवाज चिरकला, “गेलं आबा, माझ्यानं गेलं.”

“काय बी गेलं न्हाय. फॉगरची येळ झालीया, आधी तो सोडून या. मग परत करू.”

त्या गेल्या, तीस मोजले, परत आल्या. वायर काढली, घातली. मग बटणाचा टकटक आवाज आणि ताईंचा श्वास.

“टेकली.”

“मोठं बटण दाबा.”

“लई वळी पळाय लागल्यात, आबा.”

“पळू द्या. वाचायच्या न्हायत. थांबल्या की सांगा.”

मी इकडे उभा होतो. कधी उभा राहिलो ते मला आठवत नाही.

“थांबल्या,” ताई म्हणाल्या. आणि पाठोपाठ फोनमधून मोटारीचा आवाज आला. “सुटला! हात न्हाय लावला मी, फॉगर आपला आपन सुटला!”

आबांच्या मागे पाळणा संपून पेढे वाटणं चाललं असावं. मी माझ्या पडद्याकडे बघितलं. निरवांगीचं नाव अजून लालच, म्हणजे बंद. मला चैन पडेना.

“आबा, मला इथे दिसत नाहीय अजून. एकदा परत बंद-चालू केलं तर कदाचित नेटवर्क...”

“कुनी हात लावायचा न्हाय!” चार वर्षांत आबांचा आवाज तेव्हा एकदाच चढलेला मी ऐकला. “रोपं भिजतायत ना? तुला दिसलंच पायजे असं कुठं लिहिलंय? ताई, कपाट लावून घ्या आन् जेवून घ्या.”

संध्याकाळी मी मोटारसायकलवर निरवांगीला पोचलो तेव्हा आबा इंदापूरहून आधीच येऊन बसले होते, बारशाचा कडक इस्त्रीचा शर्ट फॉगरखाली ओला झालेला. पेनड्राइव्हमधून त्यांनी जुना कर्नल परत बसवला, यादीत वर ठेवला, आणि ऊन उतरल्यावर ताईंच्या समोर मशीन दोनदा बंद-चालू करून बघितलं. नेटवर्क लागलं. मग ताईंनी स्वतः एकदा, फोनशिवाय, टिकलीचं बटण दाबून दाखवलं. नव्या कर्नलला आबांनी त्या दिवशी हात लावला नाही.

पश्चिमेकडच्या दोन ओळी गेल्या होत्या. एकतीस ट्रे. आणखी काही ओळींनी माना टाकून परत उचलल्या होत्या, पण त्यांचं खरं काय ते दोन दिवसांनी कळणार होतं. ताई मेलेल्या रोपांचा एकेक ट्रे उचलून बाहेर ठेवत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, “ताई, ही चूक...”

“सांगितलं आबांनी मगाशी,” ताई म्हणाल्या. “त्यांची चूक झाली म्हनं.”

मी आबांकडे बघितलं. ते स्क्रीन फडक्याने पुसत होते.

“माझीच की. ‘जुना पुसू नको’ असं कागदावर लिहिलंच न्हाय मी. वाटलं, हे काय लिहायचं! तेच लिहायला पायजे हुतं.”

मला वाचवायला ते हे बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. आणि खरं सांगतो, ते ऐकून मला हायसं वाटलं. मी पुढे काही बोललो नाही, ट्रे उचलायला लागलो. परत येताना अंधारात गाडी चालवताना माझी मलाच इतकी लाज वाटली की सणसरला थांबून मी चहा मागवला आणि तो न पिता उठलो.

बुधवारी आबा नेहमीच्या वेळेला आले. घड्याळ काढलं नाही. संध्याकाळी म्हणाले, “उद्या निरवांगीला जायचंय.”

“मशीन तर चालू आहे.”

“मशीनसाठी न्हाय. रोपं कमी पडणार हायत. ताई एकट्याच हुब्या ऱ्हातील त्या मानसापुढं.”

सणसरचे बागायतदार नऊ वाजता टेम्पो घेऊन आले. पांढरी टोपी, पायांत गमबूट, बोलणं मोजकं. सासरे दारातच बाज टाकून बसले होते. ताईंनी पाणी दिलं आणि आडवळण न घेता सांगितलं, “तात्या, एकतीस ट्रे कमी हायत. मंगळवारी फॉगर बंद पडला, दोन वळी गेल्या. हितल्या चार वळींनी मान टाकून परत उचललीया. मी त्या चांगल्या म्हनून न्हाय देनार. न्यायच्या तर जानून न्या.”

तात्या त्या चार ओळींतून चालत गेले. एका ट्रेमधून एक रोप मुळासकट अलगद उपसलं, उजेडाकडे धरून पांढरी मुळं बघितली, परत खोचलं. दुसऱ्या ट्रेतलं बघितलं. सासरे बाजेवरून बघत होते. ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलेलं होतं.

“कशानं बंद पडला?” तात्यांनी विचारलं.

ताईंनी आबांकडे बघितलं. आबांनी बोलायला तोंड उघडलं.

“माझ्यामुळे,” मी म्हणालो. “मी बारामतीत बसून मशीन बंद पाडलं. आबांनी हात लावू नको म्हणून लिहून ठेवलं होतं, तरी लावला. ताईंनी आणि आबांनी उरलेली वाचवली.”

तात्यांनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत बघितलं.

“बारामतीत बसून?”

“हो.”

“आन् हितं काय हुईल ते ठावं न्हवतं?”

“नव्हतं. बघितलंच नव्हतं मी कधी.”

ते वळले आणि ताईंना म्हणाले, “ऱ्हायलेले एकतीस कवा देता?”

“कालच बी टाकलंय. सव्वा महिना लागंल, तात्या.”

“तेवढं रान मोकळं ठिवतो. हितनंच नेतो.” मग त्या चार ओळींकडे हात करून, “ह्या बी घालू द्या गाडीत.”

ताईंनी मूठ सोडली आणि पदर डोक्यावरून नीट केला. सासरे बाजेवरून उठले आणि टेम्पोचं मागचं फाळकं खाली करायला गेले.

“मग उचला की, हुबं काय ऱ्हायलाय?” तात्या मला म्हणाले.

मी पहिला ट्रे उचलला. नारळाच्या ओल्या भुशाने भरलेला तो पातळ ट्रे मधे वाकायला लागला आणि रोपं एकीकडे कलली. आबा कधी पुढे आले ते कळलं नाही. त्यांनी दुसरं टोक धरलं, आणि टेम्पोपर्यंत तो ट्रे आम्ही दोघांनी मिळून नेला. केवढासा ट्रे तो! कुणीही एकट्याने नेला असता.